पंधरा अंश

पहाटे साडेचार. मे महिना.
कूलरच्या वाळ्याला अजून कालच्या पाण्याचा वास आहे
आणि इंदोऱ्याच्या गल्लीत
कुणी कुणाला हाक मारलेली नाही.
मी फळी मांडीवर घेते,
कागदाच्या चार कोपऱ्यांवर चार संपलेले सेल ठेवते.
पंखा लावत नाही. रेषेला वारा चालत नाही.

आधी टोक.
टोक रुतलं की कागद एवढासा आवाज करतो,
मोहरी दाताखाली यावी तेवढा.
मग वर्तुळ.
मग उघडलेलं माप न हलवता
परिघावर एक पाऊल, त्यावरून दुसरं,
सहा पावलांत फिरून परत दारात.
साठ अंश. निम्मे, तीस. त्याचे निम्मे, पंधरा.
चोवीस आरे.
कोनमापक नाही, पट्टीवरचे आकडे नाहीत,
फक्त निम्मं करत जाणं.

तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात मी कालवे काढले,
ट्रेसिंग पेपरवर, शाईच्या पेनाने,
केसाएवढ्या जाडीत.
त्यातले काही खरोखर वाहिले.
काहींवर साहेबांनी चहा ठेवला,
कपाचं गोल उमटलं,
आणि खरं सांगते,
त्या नकाशात तेवढंच नेमकं होतं.

"आजी, काय करून राहिल्या?"
वरच्या मजल्यावरचा प्रज्वल,
तोंडात ब्रश, जिन्यात उभा.
चक्र.
"मोबाईलवर एका सेकंदात येते ना."
येतं.
"मंग?"
मंग काही नाही, बाबू. बस.
तो बसतो. आठव्या आऱ्यापर्यंत टिकतो.
त्याच्या वयाला पुष्कळ झालं.

कंपास पितळी आहे. बाबांनी आणलेला,
मिलच्या बोनसमधून, सीताबर्डीवरून,
मी सातवीत असताना.
त्यांना वर्तुळ काढता येत नव्हतं.
सही करायचे, तीही तिरपी.
पण हजार धाग्यांतला तुटलेला धागा
त्यांच्या बोटाला अंधारात सापडायचा.
दुकानदार म्हणाला होता, पोरीला कशाला?
बाबांनी पैसे दोनदा मोजून दिले,
एवढंच.

लोक म्हणतात देशाचा मध्य इथेच,
झिरो माईलच्या दगडापाशी.
कुण्या मोजणाऱ्याने तिथे टोक रुतवलं असेल.
त्या दगडाजवळ मी बसची पुष्कळ वाट पाहिली आहे.
मध्यावर उभं असल्यासारखं कधी वाटलं नाही.
पाय दुखायचे.

सहावं पाऊल पहिल्यावर नेमकं पडत नाही.
कंपासचा स्क्रू ढिला, किंवा उन्हाने कागद फुगतो,
किंवा मीच.
सुईच्या टोकाएवढी फट.
पहिल्या वर्षी ती लपवायची मी, शिसं जाड करून.
आता तिथे थोडी थांबते,
रेल्वेचं फाटक बंद असलं की
सायकलवरून उतरतात, तशी.

आज शालिक लवकर उठले.
त्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो,
चहा बशीत, बशी सदऱ्यावर.
फळीपाशी आले आणि म्हणाले, "आण."
मी कोऱ्या कागदावर टोक रुतवून दिलं.
हात थरथरला. टोक नाही.
रेष संत्र्याच्या सालीसारखी गेली,
खडबडीत, ठिपक्याठिपक्यांची, वळत,
आणि निघाली होती तिथे आली.
अगदी तिथेच.

आम्ही दोघं पाहत राहिलो.
मग ते म्हणाले, "चहा मांड."
ऊन कूलरच्या जाळीवर चढलं होतं.
उठताना मी कागद उलटा केला.
मागे रेष नव्हती, काही नव्हतं,
मध्यावर फक्त
बोटाला लागेल एवढा
एक उंचवटा.