पहिला मुक्काम

आमच्या वाल्देओर्नोसमधून कोणी निघत नाही.
इथं फक्त येतात, सुजलेले पाय घेऊन,
मोजे माझ्या दोरीवर वाळत घालतात.
बारा खाटा, एक न्हाणीघर, दहाला दिवे बंद.
जेवताना एकमेकांना एकच विचारतात:
कुठून निघालात?
फ्रान्सच्या डोंगरापलीकडून आलेला जरा ताठ बसतो.
बुर्गोसला बसमधून उतरून चालू लागलेला
पावाचा तुकडा उगाच सूपमध्ये बुडवत राहतो.
सांतियागो इथून सगळ्यांना सारखंच लांब आहे,
मी म्हणते, आणि पातेलं फिरवते.

एकवीस वर्षं त्यांच्या पुस्तिकांवर शिक्के मारले.
भिंतीवरचा पिवळा बाण दर मार्चमध्ये मीच रंगवते,
पण तो दाखवतो तिकडे
मी शिवेच्या दगडापलीकडे गेलेली नाही.

यंदा म्हटलं, जावं.
झालं. गावात माणसं चौतीस, मतं पन्नास.
पावाची गाडी हाकणारा बेलार्मिनो म्हणाला,
लेओनपर्यंत सोडतो, हे माळरान म्हणजे नुसतं ऊन,
ऊन काय चालायचं?
पाद्री म्हणाले, शेवटचे शंभर किलोमीटर केले
तरी प्रमाणपत्र मिळतं.
(तीन गावांत मिळून ते एकटे, त्यांना हिशेब कळतो.)
डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबून पाहिला:
दिवसाला दहा, ओब्दुलिया. अकरावा नाही.

नकाशा टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर बटाटे ठेवले.
निघायचं ते आपल्या दारातून, एवढं लगेच ठरलं.
पण मुक्काम?
दहाच्या आत गाव एकच, फुएन्तेसेका.
फुएन्तेसेकात उतरायला घर एकच, खाटा चार,
आणि त्यांच्या चादरी बदलणारी
माझी बहीण ओनोरिना.

भांडण कबूतरखान्याचं. बापाचा, मातीचा, गोल.
तुझा की माझा करता करता
दोघींनीही त्याच्या छपराला हात लावला नाही.
आता तिथं ढिगारा आहे,
कबुतरं चर्चवर राहायला गेली.

आणि खरं सांगायचं तर
एकवीस वर्षं मी प्रत्येकाला सांगत आले:
फुएन्तेसेकात थांबू नका, ढेकूण आहेत.
ढेकूण नाहीत. ती लहानपणापासून
उशा उन्हात घालायची, मी पळून जायचे.
उलट्या वाटेनं परतणारा एक पोर्तुगीज मला म्हणाला होता,
पुढच्या गावची बाई सांगते,
तुमच्या सूपमध्ये नुसतं पाणी असतं.
(असतंच. माणसं वाढली की मी पाणी वाढवते.)

सातला कुलूप लावलं.
गव्हातून वाट, माझी सावली माझ्यापुढे,
तिला गुडघा नव्हता.
शिवेच्या दगडापाशी माझे बाण संपले.
पुढचे तिचे. रंग तोच,
हात माझ्यापेक्षा सरळ.

तिनं दार उघडलं, मला पाहिलं, वही उघडली.
पेनाचं टोपण दातांत धरून,
परक्याला विचारावं तसं विचारलं:
कुठून निघालात?
घरून, मी म्हटलं.
तिनं काहीतरी लिहिलं. माझा चष्मा पिशवीच्या तळाशी.
खिडकीजवळची खाट, ती म्हणाली.
ढेकूण आहेत म्हणतात.
रात्री सूप आलं. घट्ट,
चमचा उभा राहील इतकं. दुष्ट बाई.

सकाळी गुडघ्याचा भोपळा.
आणि नियम दोघींच्या भिंतीवर एकच टांगलेला:
एक वाटसरू, एक रात्र. आजारी असेल तरच दुसरी.
ती स्टूल ओढून बसली,
गुडघ्याकडे बराच वेळ पाहत राहिली,
बोट लावलं नाही.
मग वही घेतली, माझ्या नावापुढे लिहिलं:
आजारी.
या वेळी मी चष्मा लावला होता.
किती दिवस, तो रकाना
तिनं मोकळा सोडला.