धरायचं कशानं

रुवीत जूनमध्ये आम्ही गीझर बंद ठेवतो.
छतावरच्या टाकीतून नळाला येतं ते पाणी
तसंही चटका देतं.
म्हटलं, चला, हीटरचे पैसे वाचले,
फेरिक क्लोराइडला असंच ऊन पाणी लागतं.

टाकी म्हणजे कॉर्नफ्लेक्सची उभी बरणी,
शोभेच्या माशांच्या दुकानातला दीड रियालचा पंप,
आणि चहा विसरून उकळत राहिला
तर येतो तसला रंग.

अडलं ते एवढ्यावरच, की बोर्ड आत धरायचा कशानं.
तळाशी आडवा पडला तर खालची बाजू कच्ची राहते,
मोकळा सोडला तर बुडबुड्यांवर गिरक्या घेतो.
पहिल्यांदा आकडा केला. बारीक तार, तांब्याची.
वीस मिनिटांनी वर काढायला गेलो
तर हातात नुसतं वरचं टोक.
हाजवाने कॉटवर आडवा होऊन हसला,
"शहाण्या, बकरी गवताच्या दोरीनं बांधलीस."

मग स्टीलची क्लिप. काळी पडली, मग तिची चाळण.
मग हाजवानेचा कंगवा, न विचारता.
दोन दात मोडून फट केली, बोर्ड बसलाही,
आणि कंगव्यासकट आडवा होऊन तरंगला.

शेवटी लाँड्रीचा प्लास्टिकचा हँगर.
करवतीनं खाच पाडली, तंगूस ओवला,
बरणीच्या तोंडावर आडवा ठेवला.
बोर्ड मधोमध लोंबत राहिला
कशालाच न टेकता.

सीबच्या एका व्हिलाचा एसी तीन दिवस बंद.
कंपनीचं कार्ड साठ रियाल, वर दीड महिना वाट.
मी दर दोन मिनिटांनी तंगूस ओढून बघायचो:
कडेपासून तांबं विरत होतं,
मार्करखालचं तेवढं राहत होतं.

धुऊन उजेडात धरला तेव्हा कोपऱ्यात दिसलं,
रुमाना.
मी जेवायला गेलो असताना हाजवानेनं
पोरीचं नाव लिहून ठेवलेलं.
अक्षर चांगलं आहे त्याचं.
शिरोरेषा एका दमात ओढलेली,
या ट्रॅकपासून थेट त्या ट्रॅकपर्यंत.
बारा व्होल्ट सरळ ग्राउंडला.

ब्लेड घेतलं. तो बघत होता, बोलला नाही.
रेघ दोन्ही टोकांना कापली,
मधली तशीच ठेवली.
मीटर लावला. गप्प.
"चालंल?"
"चालेल."
मग तो मोरीत गेला
आणि किती तरी वेळ नळाखाली कंगवा धरून
पिवळा डाग घासत राहिला.