चार सेंटिमीटर

बुधवारी तिकीट अर्ध्या दरात, म्हणून आम्ही बुधवारच्या.
सिनेमा कुठला, हे यास्ना दारात पोचल्यावर विचारते.
मला शेवट आवडत नाहीत, तिला सुरुवाती.
मधला भाग आम्ही शेंगदाण्यांवर काढतो.

माझं म्हणणं असं, की
युद्धाच्या सिनेमात सगळ्यांचे दात फार पांढरे असतात.
भुताच्या सिनेमात भुतापेक्षा
त्या घराच्या घरपट्टीची भीती वाटते.
आणि प्रेमाच्या सिनेमात कुणीच कधी
"काय म्हणालास?" असं दोनदा विचारत नाही.
यास्ना म्हणते, तू चष्मा बदल.

मागे एकात नायिका
टाचेच्या बुटांवर टेकडी चढली.
म्हणजे, खाली होती. मग वर होती.
मध्ये फक्त तिचा स्कार्फ उडाला.
यास्ना अंधारात मोठ्याने म्हणाली,
"पायऱ्या कुठे गेल्या?"
पुढच्या रांगेतला म्हातारा वळून म्हणाला, "श्श."

पायऱ्या इथे आहेत, वाल्पराईसोमध्ये.
यास्नाच्या दारापासून खाली
नोटरीच्या कचेरीपर्यंत एकशे एकसष्ट.
टेकडीवरची लिफ्ट दोन वर्षं दुरुस्तीसाठी बंद,
आता त्या पाटीलाच गंज चढलाय.
आणि कचेरीच्या भिंतीवर, शिक्क्यासकट, सहीनिशी:
महिला कर्मचाऱ्यांच्या बुटांना टाच किमान चार सेंटिमीटर.

ती कापडी बुटांत उतरते,
टाचेचे बूट पावाच्या पिशवीत.
तळाशी मासेवाल्याच्या ओट्यावर बसून
पाय बदलते.
बूट नाही, पाय. शब्द तिचाच.
मासेवाला एलिसेओ तिच्याकडे बघत नाही,
आणि बघत नाही हे तिला कळावं
इतक्या काळजीने बघत नाही.

एप्रिलमध्ये नोटरींनी गाडीतून पाहिलं.
अर्ध्या दिवसाचा पगार गेला, वर पत्र.
पत्रात "प्रतिष्ठा" तीनदा.
मी म्हटलं, भांड की.
ती म्हणाली, घरभाडं तू भरणार आहेस?
मी गप्प.
सिनेमात असता, तर हा प्रसंग
मीच कापायला सांगितला असता.

मग एका शुक्रवारी जमीन हलली.
फार नाही. एवढ्याला आमच्याकडे
कुणी हातातला कपही खाली ठेवत नाही.
पण कचेरीचा नियम असा, की सगळ्यांनी रस्त्यावर यायचं,
आणि नियम मोडायची सोय नाही,
तेव्हा स्वतः नोटरी दोन उर्रेहोलाही आले.
काळा कोट, टाय, टायला पिन,
आणि खाली
लोकरीच्या सपाता.
करड्या, चौकटीच्या,
उजवीला अंगठ्यापाशी भोक.

वीस वर्षं त्या मोठ्या टेबलाने
किती इमानाने झाकून ठेवलं होतं सगळं!

कुणी हसलं नाही.
यास्नाने सपातांकडे पाहिलं,
नोटरींनी समोरच्या बेकरीकडे.
कुणीतरी म्हणालं, पाचच्या आतला असेल.
मग सगळे आत गेले.

मी असते तर इथे व्हायोलिनं वाजवली असती.
भिंतीवरचा कागद आपोआप गळून पडला असता, वगैरे.
यास्ना सांगते, सोमवारी त्यांनी
फक्त शिक्क्याची शाई मागितली.
कागद आहे तिथे आहे.
अर्धा दिवस परत आला नाही.
फक्त हल्ली ते कपाटापर्यंत उठत नाहीत,
फाइल हवी असली की म्हणतात, "जरा जमेल का?"
आणि ती जाते.
टाचा वाजवत. भरपूर वेळ घेत.

काल भूकंपाचा सिनेमा होता.
अख्खं शहर पडलं, पूल पडले,
एक कुत्रा वाचला,
पण कॅमेरा कुणाच्या पायांकडे गेला नाही.
निम्म्यातून उठलो.
पैसे निम्मेच दिले होते, हिशेब बरोबर.

वर जाताना पिशवी मी धरली.
ऐंशीव्या का ब्याऐंशीव्या पायरीवर
यास्ना थांबली, कठड्याला टेकली,
खाली बंदरातले दिवे होते, तिने बघितले नाहीत.
श्वास खाली बसल्यावर म्हणाली,
"उबदार असाव्यात गं.
कुठून घेतल्या, विचारायला हवं होतं."