उणे एकशे बासष्ट

ओसाकाच्या धक्क्याला जहाज लागलं.
पायलट चढला प्लास्टिकच्या झग्यात,
कठड्याला हात न लावता,
कोपरांनी तोल सावरत.
गॅस उतरवून घेतला त्यांनी,
उणे एकशे बासष्ट अंशांवरचा,
थेंबाथेंबाचा हिशेब ठेवून.

आमच्यासाठी शिडीच्या तोंडाशी पिवळी दोरी.

रोदेलिओची दाढ ठणकतेय, आज सतरावा दिवस.
दंतवैद्य धक्क्यापासून चालत दहा मिनिटं,
असं फोनमधला नकाशा म्हणतो.
एजंट खालून ओरडला:
तुम्ही अत्यावश्यक लोक,
म्हणून उतरायचं नाही.
आचाऱ्याने लवंगा दिल्या,
त्याही मोजून.

करार संपून पाच महिने झाले.
तिकडे इलोइलोत त्याची मुलगी चालायला लागली,
आणि आता तर
पडायचीही थांबली.

रात्री गाल धरून तो डेकवर उभा राहतो.
समोर खिडक्या, खिडक्या, एक उजळलेला जिना.
कुणी भात लावला असेल,
कुणाच्या बापाच्या उशाशी
श्वासाचं यंत्र चालू असेल.
'तो चौथा मजला माझा,' म्हणतो,
'डार्विनहून आणलाय.'
आणि हसायला जातो, तेवढ्यात
दाढ.