पुढे चाल

आठ पत्रे रंगवले होते मी,
पांढऱ्यावर निळा तेलरंग, आठ बेटांचे आठ क्लब.
गुयावच्या मैदानावरचा गुणफलक
एकतीस वर्षं माझ्याकडे आहे.
आकडे जुनेच चालतात.
नावं मात्र दर खेपेला नवी लागतात.

पत्रे वाळायच्या आत पत्रं आली.

पहिलं अँग्विलाचं : तिकिटं परवडत नाहीत.
खोटं नव्हतं. इथून जवळच्या बेटावर जायला
कधीकधी मायामीहून जावं लागतं,
कुंपणापलीकडे वाटीभर साखर मागायला
अख्ख्या गावाला वळसा.
दुसऱ्यात लिहिलं होतं, गोलरक्षक हॉटेलात रात्रपाळीला आहे,
मॅनेजर सोडत नाही.
तिसऱ्यात कारण नव्हतं. नुसता शिक्का, तोही तिरका.
हैतीवाल्यांनी कळवलं :
आम्ही अजून व्हिसाच्या खिडकीशी उभे आहोत,
तुम्ही सुरू करा.

एकेक पत्रा उतरवून मी भिंतीशी पालथा ठेवत गेलो.
व्हर्लिनने पातेलं लहान केलं, मग आणखी लहान.
दीडशे माणसांचे नीरफणस आणले होते तिने,
ते शेवटी जायफळाच्या वखारीतल्या बायकांना वाटले
आणि संध्याकाळभर कुणाशी बोलली नाही.

शनिवारी आमची अकरा पोरं रांगेत उभी राहिली.
समोर गवत.
पंच पास्कल नियमाचा माणूस,
त्याने एकाच कर्णधारापुढे नाणं उडवलं,
छापा की काटा, विचारलं,
शिट्टी फुंकली
आणि पंधरा मिनिटं मनगटाकडे बघत राहिला.
मग म्हणाला, पुढे चाल.
कोण चाललं? जागचं कुणी हललं नव्हतं.
मी तीनचा आकडा लावला, पलीकडे शून्य.
इतका हलका तीन आजवर हातात आला नव्हता.

सोमवारी उपांत्य फेरी, तीच गत.
बुधवारी अंतिम. चषक दिला.
बँडवाल्यांनी धून अर्ध्यातच सोडली,
बिदागीही अर्धीच ठरली होती.

गुरुवारी सकाळी कांद्याच्या बोटीतून
नऊ जण उतरले,
नाड्यांनी बांधलेले बूट गळ्यात.
मॉन्टसेराट.
त्यांच्या संघटनेने माघारीचं पत्र आम्हाला धाडलं होतं,
त्यांना नाही. ते तेव्हा समुद्रात होते,
बंद इंजिनाशी, दोनाचे सहा दिवस झालेले.
कर्णधार फॅरेलने विचारलं, सामना किती वाजता?
आमचा सेक्रेटरी चष्मा पुसू लागला.
पुसतच राहिला.

ऑस्बर्ट आमचा बचावपटू, एरवी मासे विकतो.
त्याने टोपली खाली ठेवली.
"नऊच? मग आमच्यातले दोन घ्या.
माझा भाऊ न्या, तो तसाही मला पास देत नाही."

पास्कल म्हणाला, याची नोंद होणार नाही.
म्हणाला, आणि खिशातून शिट्टी काढली.

मी शिडी लावली, मॉन्टसेराटचा पत्रा सुलटा टांगला.
आकड्यांची पेटी उघडावी की नाही,
वर उभ्या उभ्या ठरेना.
तेवढ्यात ऑस्बर्टच्या भावाने
ऑस्बर्टलाच चकवून गोल केला.
वखारीतल्या बायका किंचाळल्या,
जायपत्रीने लाल झालेले हात वर करून.
मी एक लावला.
हाताला जड लागला.

शेवटी किती झाले ते वहीत नाही.
वहीत तीन-शून्य आहे,
शनिवारची तारीख आहे, खाली पास्कलची सही.

सहा पत्रे आता माझ्या खुराड्यावर आहेत.
कोंबड्या हैतीखाली अंडी घालतात.
सातवा आमचा, तो मैदानावरच.
आठवा फॅरेलने मागून घेतला.
बोट सुटली तेव्हा तो काठाशी उभा होता,
वारा पत्रा सारखा उलटा करत होता
आणि तो सुलटा.