फिकट राखाडी

परसोडीच्या ऑफिसात, एसी अठरावर,
ती अक्षरं फार देखणी दिसायची.
पांढऱ्यावर फिकट राखाडी.
डोळ्यांना किती शांत, म्हणाले सगळे.
मीही म्हणालो.

गिट्टीखदानात, मे महिन्यात, दुपारी एकला
दुर्पताबाई कुमरेंच्या हाती फोन दिला
आणि अक्षरं उन्हात विरघळली.
त्या काही बोलल्या नाहीत.
फोनवर पदर ओढला,
त्या इवल्याशा काळोखात डोकं घातलं
आणि आतून आवाज आला :
"ह्या तीन रेघा कायच्या हायेत जी?"

त्या रेघांमागे मी सगळं आवरून ठेवलं होतं.
पत्ता, तक्रार, जुन्या खेपा.
पाहुणे यायच्या आधी पसारा पलंगाखाली सारावा, तसं.

त्यांनी मथळ्यावर बोट दाबलं. दोनदा. मग जोरात.
तो बटणासारखा दिसत होता.
बटण मात्र कशासारखंच नाही.
"सबमिट म्हंजे?"
टँकर मागवायचा, मी म्हणालो.
"मंग तसंच लिव्हा ना."

रात्री बसून लिहिलं : टँकर मागवा.
काळी अक्षरं, अंगठ्याला पुरेल एवढं बटण,
रेघांमागचं सामान काढून उंबऱ्यावर मांडलं.
सकाळी मुग्धा म्हणाली, जरा गावठी दिसतंय.
मी फोनसकट तिला गच्चीवर नेलं.

दुर्पताबाईंनी पदर न ओढता बटण दाबलं.
हिरवी खूण आली. हसल्या.
मग रिकाम्या ड्रमाला टेकून
फोन मांडीवर पालथा घातला
आणि रस्त्याकडे बघत बसल्या.

खेप कधी येईल,
तो रकाना आम्ही ठेवलाच नव्हता.