पेन्सिलीची फुली

अंडं उचलायचं ते कूस न बदलता.
वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक फुली मारायची,
आणि मग साठ-सत्तर दिवस
ती फुली छताकडेच बघत राहिली पाहिजे.
उलटं झालं तर आतला जीव
आपल्याच बलकाखाली बुडतो.

हे सगळं एल्वुडच्या वहीत आहे,
जुन्या बिलांच्या कोऱ्या पाठी दोऱ्याने शिवलेल्या.
अक्षर गवंड्याचं:
एकेक विटेसारखं, ओळंब्यात.

एल्वुड ओबरहोल्ट्झर गेला मागच्या मार्चमध्ये,
पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेला, बर्फ अजून अर्धंच वितळलेलं,
मागे सतरा कासवं ठेवून:
बारा पेटीकासवं, पाच रानकासवं,
आणि फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली
सरकारी परवाना.
पुतणी व्हर्ना शाळेची बस चालवते.
म्हणाली, "घर विकेन,
पण आत राहणाऱ्या सतरा जणांना विचारून."

पेटीकासव म्हणजे बिजागरीचं घर.
भ्यालं की पुढचं दार बंद, मागचं दार बंद,
फटीत गवताची काडी शिरत नाही.
रानकासवाला दार नाही.
त्याची मान नारिंगी, पाठीवर लाकडात कोरल्यासारखी वर्षं,
आणि ठाऊक एकच लबाडी:
ओल्या मातीवर पुढचे पाय आळीपाळीने आपटायचे,
धप, धप,
गांडुळांना वाटावं सर आली,
आणि ती आपणहून वर यावीत.
व्हर्ना हे पहिल्यांदा बघून
चिखलात बूट आपटत बसली, अर्धा तास.
तिला एकही मिळालं नाही.

बटन ही पेटीकासवांतली थोरली.
तिचा डीकन तीन हिवाळ्यांपूर्वी मेला.
जूनच्या एका संध्याकाळी तिने मागच्या पायांनी
दोन तास खड्डा उकरला,
वळून न बघता चार अंडी सोडली,
माती थापली, आणि गेली.
पोकळच असणार म्हणून व्हर्ना
ती खताच्या ढिगाकडे घेऊन निघाली होती.
जाता जाता वही उघडली.
*बटनला नर नसला तरी चालतं.
चार-चार वर्षं जपून ठेवते ती.
फेकू नकोस.*

फेकू नकोस, कुणाला?
तेव्हा त्या घरात दुसरं कुणीच नव्हतं.

*ऐंशीच्या खाली नर. चौऱ्याऐंशीला माद्या.
मधे ठेवलंस तर त्यांचं त्यांना ठरवू दे.*
रानकासवांच्या पानावर फक्त:
*ह्यांना आपला काटा लागू नाही. ठरवूनच येतात.*
व्हर्नाने काटा ब्याऐंशीवर आणला
आणि खुर्ची ओढून बसली.

मी कुंपणापलीकडे राहते.
तिला सांगितलं, माझ्या भाषेत म्हणतात,
कासवी पिल्लांना दूध पाजत नाही,
नुसती बघते,
बघण्यावरच ती वाढतात.
व्हर्नाने बटनकडे पाहिलं.
बटन अळंबी खात होती, घराकडे पाठ करून.
"हिला कुणी कळवलेलं दिसत नाही," व्हर्ना म्हणाली.

जुलैभर तिच्या तळघराचा दिवा
रात्री तीनला लागायचा.
मिनिटभर. कधी जास्त.

एक अंडं खचलं. एकात काहीच नव्हतं.
ऑगस्टच्या शेवटी, शाळा उघडली त्याच आठवड्यात,
तिसऱ्याला फुलीशेजारी चीर गेली,
एक नाकाडं बाहेर आलं, टोकाला काट्याएवढा दात,
आणि तिथेच थांबलं. दिवसभर.
व्हर्नाने अकरा वर्षांत पहिल्यांदा
डेपोला फोन करून सांगितलं, आज उशीर होईल.
कारण विचारल्यावर म्हणाली, घरचं.

आता ते तिच्या तळहातावर आहे, नाण्याएवढं,
पोटाला बलकाचा थेंब अजून चिकटलेला.
भ्यालंय. डोकं आत घेतं, दार ओढू बघतं,
पण बिजागरी अजून बसलेलीच नाही,
बसायला काही वर्षं लागतील.
तोवर उघडंच.

चौथं अजून शांत आहे.
व्हर्ना वहीतलं पुढचं बिल उलटं करते,
पेन्सिलीला टोक काढते, तारीख घालते.
नर की मादी, ह्या रकान्यात
काही लिहीत नाही.